चुन्याची गाडी

आमच्या घरी गाडी आली ती आधी चुन्याची आली. लोखंडाची मागाहून. त्याच्याही आधीचं ट्रॉलीचं सांगायला पाहिजे, नाहीतर आप्पांनी गाडीचा एवढा ध्यास का घेतला होता ते कळायचं नाही.

देवगाव फाट्यापासून थोडं आत आमचं गाव. घरात अकरा माणसं. आप्पा म्हणजे माझे वडील, माय, माझे दोन भाऊ, काका-काकू, त्यांची तीन लेकरं, मी आणि आत्या. आत्या आप्पांची थोरली बहीण, आप्पा तिला अक्का म्हणायचे. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. गुडघ्यांनी अधू आणि तोंडानं धडधाकट. आमचं घर लिंगायताचं. सकाळी आप्पा हातावर लिंग घेऊन पूजेला बसले की घरात कुणी बोलायचं नाही. त्यामुळं बाकीचे सगळे आवाज स्वच्छ ऐकू यायचे. माय भाकरी थापायची तो थपथप आवाज, काकूच्या रवीचा घरघर आवाज, लांब मोटरपंपाची फडफड, आणि आत्याचं कण्हणं. पूजेच्या वेळी आत्या जरा मोठ्यानं कण्हायची, कारण तेव्हा ऐकणाराला उठून जाता यायचं नाही.

लग्नकार्याला आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जायचो. खाली कडबा, त्यावर सतरंजी, त्यावर आम्ही. त्या वर्षी पिंगळीला नात्यातलं लग्न निघालं. रस्त्याचं काम चालू होतं, म्हणजे रस्ता नव्हता. पिंगळीत उतरलो तेव्हा आम्ही सगळे एका रंगाचे झालो होतो. आप्पांच्या डोक्यावर जरीचा फेटा होता, पण तो जरीचा आहे हे फक्त आम्हालाच माहीत होतं. मांडवाच्या तोंडाशी नवरदेवाचा चुलता उभा होता. त्यानं आमच्याकडं बघितलं आणि मागं वळून ओरडून सांगितलं, "भांडेवाले आले बगा. मागल्या दारानं घ्या त्यांना." आप्पा मागल्या दारानं गेले, हातपाय धुतले, फेटा झटकला आणि पुढल्या दारानं परत आले. तेव्हा त्याच चुलत्यानं त्यांना कडकडून मिठी मारली. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर आप्पांनी हुकूम सोडला, "गाडी घ्यायची. बंद. सगळ्यांनी ऐसपैस बसायचं."

मी तेव्हा सतरा पुरी करून अठरात गेलेली. सेलूला मामाकडं राहून बारावी झाले होते. मामाची नोकरी बदलीची, त्यामुळं मामा लातूरला गेला आणि माझं कॉलेज सेलूतच राहिलं. एस्टी फाट्यावर यायची, पण कधी यायची ते तिचं ती ठरवायची, आणि तरण्या पोरीनं फाट्यावर एकटं उभं राहणं आप्पांना बिलकुल मान्य नव्हतं. काकाचं सेलूत बी-बियाण्याचं दुकान होतं. तो रोज फटफटीवर जायचा. आता गाडी आली की काका गाडीनं जाणार, आणि काकाच्या गाडीत मी. म्हणजे गाडीत जागा मिळणं आणि बी.ए. होणं ही माझ्या लेखी एकच गोष्ट होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. इतकी उघड गोष्ट सांगायची कशाला, असं मला वाटत होतं. मी तेव्हा फार हुशार होते.

अभ्यासाची काळजी मला नव्हतीच. मला काळजी खिडकीची. खिडकीशी कसं बसायचं हे मी कपाटाच्या आरशासमोर ठरवून टाकलं होतं. हनुवटी तळहातावर, नजर लांब कुठंतरी, आणि केस वाऱ्यावर. वाऱ्यासाठी धाकट्या भावाला शेजारी उभं करून सूप हलवायला लावायचे. एकदा सुपात कोंडा राहिलेला होता. दोन दिवस डोळे लाल होते. मायला वाटलं पोरगी चोरून रडायलीय, आणि तिनं मला शिरा करून घातला. मी तो दुःखी चेहऱ्यानं खाल्ला.

माझा नातू सध्या परभणीत बसून मोबाईलवर गाड्या बघायलाय. बोटानं गाडी गरगर फिरवतो, दारं उघडतो, रंग बदलतो. परवा मला म्हणाला, "आजी, हिच्यात मधल्या रांगेत दोन येगळ्या खुर्च्या हायत. मधून जायला वाट." त्या वाटेवर कोण बसतं, असं मी विचारलं. म्हणाला, कुणीच न्हाई. मग ती वाट ऐसपैसपणात कशी काय धरली, असं माझ्या मनात आलं, पण तो इंजिनिअर आहे.

आप्पांच्या काळी मोबाईल नव्हता, सुतळी होती. आप्पा आणि काका परभणीला जाऊन व्हॅन बघून आले, आणि नुसती बघून नाही, सुतळीनं मापून आले. लांबी, रुंदी, दार, सीट, प्रत्येक मापाला एक गाठ. घरी आल्यावर आप्पांनी भिंतीला द्यायचा चुना कालवला आणि अंगणात त्या मापाची गाडी आखली. सीटांच्या जागी जेवायचे पाट मांडले. संध्याकाळची वेळ, गुरं बांधून झालेली, चुलीवर येसरची आमटी उकळत होती, आणि आम्ही सगळे गाडीभोवती उभे. आप्पांचा नियम असा की आत जायचं ते दारानंच. काकूची लेकरं इंजिनातून घुसली, त्यांना बाहेर काढून परत दारानं आणलं. कोंबड्यांना नियम लागू नव्हता. आत्या चुन्याच्या रेघेपाशी थबकली आणि म्हणाली, "पायरी लय उंच हाय."

मग आप्पांनी नावं घेतली. पुढं काका आणि स्वतः आप्पा. मधल्या पाटांवर आत्या, माय आणि धाकट्याला मांडीवर घेऊन काकू. मागं दोन माझे भाऊ, दोन काकाची लेकरं. पाट संपले. मी तोवर माझ्या खिडकीच्या जागेशी हनुवटीला हात लावून उभी होते.

"आन् मी, आप्पा?"

आप्पा सुतळी गुंडाळत होते. "तुझं काय? तू दिवाळीपातूर हायीस. मंग तुझी जागा तुझ्या सासरचे बघतील की."

राग नाही, लोभ नाही. सोयाबीन कधी काढायचं ते सांगावं तसं सांगितलं. मग कळलं ते असं. पिंगळीच्या त्या लग्नात, माझं तोंड धुऊन झाल्यावर, एका घरच्यांनी मला बघितलं होतं. मुलगा शेती बघत होता, घर पाहण्यातलं होतं, दोन्हीकडून बोलणं चांगलं पुढं गेलं होतं. मायला माहीत होतं. ती पाटावरून उठली आणि आमटी उतू चाललीय म्हणून आत गेली. आमटी उतू चालली नव्हती.

त्या वेळी मी काय बोलायला पाहिजे होतं याचा मी नंतर कितीतरी वर्षं विचार केला. आप्पा, मला शिकायचंय. आप्पा, मला एवढ्यात लग्न करायचं न्हाई. पुढं शाळेत शिकवायला लागल्यावर मी ही वाक्यं पोरींकडून घोकूनही घेतली. पण अंगणात मी म्हणाले, "मंग मी टपावर बसते."

काकाच्या थोरल्यानं लगेच विचारलं, "मीबी?"

"टपावर सामान असतंय," आप्पा म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मी जेवणार नाही असं जाहीर केलं. आत्या म्हणाली, "बरं झालं, आमटी कमीच हाय." त्यामुळं माझ्या उपोषणाला पाहिजे तशी सुरुवात झाली नाही. सगळ्यांची ताटं उठल्यावर मी चुलीपाशी जाऊन भाकरी कुस्करून खाल्ली, ती बऱ्यापैकी खाल्ली. आत्या भिंतीला टेकून, पाय पसरून, गुडघ्याला तेल चोळत माझ्याकडं बघत होती.

"पिंगळीचा पोरगा वंगाळ हाय का?"

"मी बघितलाच न्हाई त्याला."

"मंग रडायलीस कशापायी?"

"कॉलेज राहिलं ना माझं."

"काय असतंय त्या कालिजात?"

खूप काही सांगता आलं असतं. पण मी कॉलेज आतून बघितलेलं नव्हतं, जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. "बाकावर बसायचं आन् ऐकायचं."

आत्यानं चोळणं थांबवलं. तिला आयुष्यात कुणी बसवून काही सांगितलेलं नव्हतं, सांगणारी तीच असायची. "दिसभर?"

"दिसभर."

"आन् भाकऱ्या?"

"तिथं भाकऱ्या नसतात, आत्या."

आत्यानं दुसऱ्या गुडघ्याला तेल लावलं आणि आतल्या खोलीकडं तोंड करून आप्पांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "गाडी मी बसून बघितल्याबगर घ्यायची न्हाई. आन् मला चढवायला गिरजा लागंल." गिरजा म्हणजे मी.

आम्ही पाच जण सेलूहून रेल्वेनं परभणीला गेलो. आप्पा, काका, माय, आत्या आणि तिला चढवणारी मी. बरोबर धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि बसायला सतरंजी. कुठंही निघालं की सतरंजी घ्यायचीच, लोकांच्या जमिनीचा काय भरवसा. गाडीच्या दुकानाला सगळ्या काचा होत्या. आत्यानं बाहेर चपला काढल्या. गाडीत चढताना पायात चपला नसूनही एकदा खाली बघून खात्री करून घेतली. विकणारा तरुण होता, गळ्यात टाय, बोलणं पुण्याकडचं. त्यानं सरकतं दार उघडलं आणि मी आत्याला आत ढकललं. त्याला दुसरा शब्द नाही.

आत्या सीटवर बसली आणि तिनं मांडी घातली. सीट तिच्या मांडीपेक्षा लहान निघालं. एक गुडघा शेजारी येऊन बसलेल्या मायच्या मांडीवर आणि दुसरा हवेत.

"आज्जी, पाय खाली सोडा. आराम वाटेल," विकणारा म्हणाला.

"आराम मांडी घातल्यावर असतोय, बाबा. पाय सोडून माणूस वाट बघतंय."

"यात सात जण अगदी आरामात बसतात, आज्जी. लहान मुलं धरून नऊ-दहा."

"मी एकलीच दोन झाले की रे."

आत्या एका अंगावर कलली, काकानं तिला सावरलं, तिनं काकाला शिवी दिली. मग तिची नजर मागल्या कोपऱ्यात गेली. तिथं तसलीच एक गाडी उभी होती, उघड्या दाराची, आणि आतून पार मोकळी. "ती कुणाची?"

"ती मालाची आहे, आज्जी. दुकानदार नेतात. तिला मागं सीटच नसतात."

"अरे मंग आधीच सांगायचं न्हाई का, बगर सीटाची मिळती म्हणून!"

ती उठली. गुडघ्यांचं ती विसरली असावी, कारण मी पोचायच्या आत ती त्या गाडीत होती. सतरंजी मागितली, पसरली, भिंतीला पाठ लावली, व्यवस्थित मांडी घातली आणि असा श्वास सोडला की काचेवर वाफ धरावी. "शांते, ये," तिनं मायला हाक मारली. "गिरजे, ये. सरक जरा. डबा काढ." माय आप्पांकडं बघत बघत चढली. माझ्या मायनं आप्पांकडं न बघता केलेली मोठी गोष्ट मला एकच आठवते, ती पुढं सांगते. आम्ही तिघी बसलो, डबा उघडला, आणि अजून समोर गोणपाट पसरायला जागा होती.

"मॅडम, इथं खाता येत नाही," विकणारा घाईनं म्हणाला. आत्यानं त्याच्या हातावर एक धपाटं ठेवलं, वर दही घातलं. दही हातावर आल्यावर माणूस वाद घालू शकत नाही. त्यानं ते उभ्या उभ्या खाल्लं आणि चटणी आहे का म्हणून विचारलं.

आप्पा बाहेर सुतळी घेऊन उभे होते. त्यांना गाठी लागत नव्हत्या. सीटांच्या गाठी होत्या आणि इथं सीटंच नव्हती. "हिच्यात माणसं किती बसतील?" त्यांनी विचारलं.

विकणाऱ्यानं तोंड पुसलं. "साहेब, हिला माणसांचा आकडा नाही. किलोचा आहे."

आप्पांना किलो कळायचे. सगळी हयात कापूस आणि ज्वारी मापण्यात गेलेली. त्यांनी आमच्या एकेकाकडं बघितलं, अगदी अंदाज घेऊन, पोत्याकडं बघावं तसं. आत्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मनाशी ओठ हलत होते. मी बघत होते, माझ्यापर्यंत आले की नाही ते. आले.

"समद्यांना धरून जागा राहती," ते म्हणाले. आकड्याशी आप्पा कधी खोटं बोलले नाहीत.

"राहणारच," आत्या म्हणाली. "गिरजी किलोत कितीशी हाय? सरकीचं पोतं जड तिच्यापरीस. आता जागा न्हाई म्हणू नको, दुसरं काय कारण असंल ते सांग."

दुकानात आणखी गिऱ्हाईकं होती. आप्पांनी सुतळी खिशात घातली. दुसरं कारण होतंच, सगळ्यांना माहीत असलेलं, पण ते काचेच्या दुकानात, टायवाल्यासमोर, एवढ्या उजेडात सांगण्यासारखं नव्हतं. आणि तेवढ्यात मायनं, आप्पांकडं न बघता, चटणीचा डबा बंद करत म्हटलं, "सोयरीक एक साल थांबल. कालिज थांबत न्हाई म्हणं."

आप्पांनी खिशातली सुतळी चाचपली. मग म्हणाले, "दिवाळीपातूर जाऊ दे. मंग बघू."

विकणाऱ्यानं समजावलं की मालाच्या गाडीत माणसं नेली की रस्त्यावर कटकट होते, कागद वेगळे असतात. आप्पा कायद्याला मानणारे. त्यांनी सीटांची गाडी घेतली आणि घरी आणून दुसऱ्या दिवशी सीटं काढून घेतली. ती आमच्या ओसरीवर पाहुण्यांसाठी ठेवली. गाडीत गादी, सतरंजी, दोन लोड. शेजारपाजारचे बघायला यायचे आणि चपला काढून आत बसून जायचे. ऐसपैस गाडी म्हणजे काय, हे मी तेव्हा समजले ते समजले. सीट असलं की ते कुणाचं तरी असतं. सतरंजीवर सरक म्हणायचा अवकाश. हे नातवाला सांगितलं तर तो म्हणतो, आजी, सीटबेल्ट. बरोबर आहे त्याचं. आम्ही एकमेकांना धरून बसायचो.

कॉलेजचा पहिला दिवस. पुढं काका, मागं बियाण्याच्या दोन गोण्या आणि मी. खिडकीची काच सरकवली, हनुवटीला हात लावला, नजर लांब लावली. मायनं वेणी घालताना केसांना इतकं तेल चोपडलं होतं की वारा आला आणि तसाच परत गेला. सेलूच्या अलीकडं एक चिलट तोंडात गेलं. कॉलेजच्या फाटकाशी उतरले तेव्हा मी खोकत होते. माझ्याकडं बघणारी जी एकच पोरगी होती तिनं पाणी दिलं. बाकांवर बसून ऐकायचं असतं हे मात्र खरं निघालं. रोज संध्याकाळी आत्या विचारायची, "आज काय सांगितलं?" आणि मी जे सांगायचे त्यावर मान हलवून म्हणायची, "चुकलंय त्यांचं." इतिहासात तर त्यांचं फारच चुकायचं.

दिवाळी जवळ यायला लागली तशी माझी भूक मात्र खरोखर गेली. एका सकाळी पिंगळीचा मध्यस्थ आला. रविवार होता. दुकान बंद, कॉलेज बंद. आप्पांनी त्याला ओसरीवर गाडीच्या सीटवर बसवलं. मायनं चहा दिला आणि आत येऊन खांबाला टेकून उभी राहिली. आत्या कण्हायची थांबली. मी दाराआड भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते, कारण हाताला काहीतरी लागतं.

"मंग कधी येताव पिंगळीला? घर बघून घ्या. तारीख धरू," मध्यस्थ म्हणाला.

आप्पांनी चहा बशीत ओतला. "गाडी सेलूला असती रोज."

"रविवारी या की."

"रविवारी अक्काला दवाखान्यात न्यावं लागतंय. गुडघे."

आत्यानं दोन महिन्यांत दवाखाना बघितला नव्हता. तिनं आतून एक चांगलं मोठं कण्हून दिलं.

"मंग तुमी न्हाई तर आमीच येताव. पोरगी दाखवा म्हंजे झालं. तिला काय गाडी लागती?"

आप्पांनी चहा प्यायला. बशी खाली ठेवली. अंगणात गाडी उभी होती, दार उघडं, आत सतरंजीवर मांजर झोपलेलं. मध्यस्थाला ते दिसत होतं. आप्पांनाही दिसत होतं.

"पोरगी गाडीत असती," आप्पा म्हणाले. "आजून तीन सालं तरी गाडीतच असंल."

माझ्या हातात एक शेंग होती. ती मी फोडली नाही. आवाज झाला असता.